वस्तऱ्याने दाढी करताना कापणे टाळण्याचे तंत्र

उघड्या पात्याच्या वस्तऱ्याने दाढी करायला शिकताना त्वचेवर चिरा, टोचे आणि ओरखडे पडतात. ते टाळण्यासाठी हाताला लावायच्या सवयींचा विचार या नोंदीत केला आहे. सेफ्टी रेझरमध्ये पात्यापुढची पट्टी त्वचेला आवरून धरते आणि पात्याचा कोनही ठरवून देते. वस्तऱ्यात ही दोन्ही कामे माणसाच्या हातांवर येतात. पात्याला आडोसा लावण्याची कल्पना फ्रेंच कारागीर झाँ-झाक पेरे याने अठराव्या शतकातच प्रत्यक्षात आणली होती. बदलत्या पात्याच्या रेझरचे अमेरिकी पेटंट किंग कॅम्प जिलेट याला १९०४ मध्ये मिळाले आणि त्यानंतर घरोघरी वस्तरा मागे पडत गेला.

नवशिक्याला वाटते की धार जास्त असल्यामुळे कापते. प्रत्यक्षात बहुतेक चिरा पाते आडवे सरकल्यामुळे पडतात. पिकलेला टोमॅटो सुरीने नुसता दाबला तर चेपतो, पण सुरी जराशी मागेपुढे ओढली की साल लगेच फाटते, त्वचेचेही तसेच. धारेला काटकोनात, हलक्या हाताने फिरणाऱ्या पात्याखाली मऊ त्वचा दबून वाट देते. केस मुळाशी पक्का असल्याने तो मात्र कापला जातो. तेच पाते धारेच्या लांबीच्या दिशेने दोन-तीन मिलिमीटर जरी सरकले तरी त्वचा चिरते. अशी लांबट, सरळ, उशिरा दुखणारी चीर दिसली की हात आडवा गेला होता असे खुशाल समजावे.

आडवी हालचाल कोणी मुद्दाम करत नाही. एक हात, म्हणजे पात्याची एक सलग ओढ, संपताना पाते उचलण्याऐवजी बाजूला ओढले जाते. दिशा बदलताना ते त्वचेवरच वळवले जाते. जबड्याच्या कडेवरून खाली उतरताना मनगट नकळत फिरते आणि पात्याचे एक टोक पुढे जाते. म्हणून पाते टेकवायच्या आधीच ते हलू लागलेले असावे असा प्रयत्न न करता, आधी ते शांतपणे टेकवावे, मग सरळ ओढावे आणि थांबवून सरळ वर उचलावे. शिंक किंवा खोकला येईलसे वाटले तर हात थांबवून नव्हे, पाते त्वचेपासून दूर नेऊनच थांबावे.

दुसरे कारण पात्याचे टोक. चौकोनी टोकाच्या वस्तऱ्याचा कोपरा सुईसारखा रुततो. कानाच्या पाळीजवळ आणि नाकपुडीखाली तर हमखास. नवशिक्याने गोल टोकाचा वस्तरा घ्यावा, यावर जाणकारांत फारसा वाद नाही. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात आणि शिकायला ५/८ किंवा ६/८ इंच बरे पडते. याहून अरुंद पाते हातात चपळ वाटते, पण त्याचा कोन चटकन बिघडतो.

कोन साधारण ३० अंशांचा धरतात. ५/८ इंची, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ त्वचेपासून अंदाजे ८ मिलिमीटर वर असली की हा कोन साधतो. म्हणजे पात्याच्या रुंदीच्या निम्मी उंची. पाते फार आडवे ठेवले तर केस ओढले जातात, फार उभे केले तर ते त्वचा खरवडते आणि रुतते. गालावर हा कोन सहज राखता येतो. खरी अडचण हनुवटीवर येते, कारण तिथे दर अर्ध्या सेंटिमीटरला पृष्ठभाग वळतो आणि हात मात्र आधीच्याच कोनात राहतो.

पकड घट्ट नसावी. तीन बोटे पात्यामागच्या दांडीवर, करंगळी वळलेल्या शेपटीवर आणि अंगठा खालून, अशी रीत आहे. मूठ आवळली की दाब वाढतो. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते. दाबल्याशिवाय केस निघत नसेल तर दोष धारेत किंवा साबणाच्या फेसात असतो. बोथट वस्तरा धारदार वस्तऱ्यापेक्षा जास्त जखमा करतो, कारण माणूस नकळत जोर लावतो.

धारेबाबत एक निरीक्षण इथे सांगण्याजोगे आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ असूनही पात्याच्या कडेचे सूक्ष्म टवके काढू शकतो. त्यांचे प्रयोग बाजारी दाढीच्या पात्यांवर होते, तरी वस्तरेवाल्यालाही त्यातून सावध होता येते. टवका पडलेली धार त्वचेला अडकते. म्हणून दाढीपूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतात: पाठ पुढे, धार मागे, आणि टोकाला पोचल्यावर पाते पाठीवरूनच उलटायचे. धारेवरून उलटले तर पट्टा चिरतो आणि धारही जाते. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, मात्र नेमके उलट, तिथे धार पुढे असते. हे काम शिकाऊ हाताने सुरुवातीला करूच नये, धार जाणकाराकडून लावून घ्यावी.

पूर्वतयारीचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. पाण्याने केस फुगून मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. म्हणून दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने चेहरा भिजवावा, बहुधा आंघोळीनंतरच दाढी करावी. फेस दाट पण ओला हवा. फसफसणारा, हवा भरलेला फेस छान दिसतो पण पात्याखाली लगेच सुकतो.

मोकळ्या हाताचे काम वस्तरा धरलेल्या हाताइतकेच महत्त्वाचे आहे. सैल त्वचेची वळी धारेपुढे गोळा होते आणि तीच कापली जाते. कल्ल्यापासून खाली येताना त्वचा कानाकडे वर ओढावी. जबड्याखाली डोके मागे घेऊन त्वचा खालच्या बाजूला ताणावी. वरच्या ओठासाठी तो दातांवरून खाली खेचावा आणि नाकाचे टोक वर उचलावे. कंठमण्यावरची त्वचा एका बाजूला सरकवून तिथल्या सपाट भागावर वस्तरा फिरवावा. फेसाने बोटे निसटतात, म्हणून ती आधी कोरडी करावीत. ही बारीक गोष्ट शिकवताना अनेकदा राहून जाते.

शिकण्याचा क्रमही सोप्या जागेकडून अवघडाकडे जावा. काही दिवस फक्त दोन्ही गालांवर वस्तरा चालवावा आणि उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने करावी. मग गळा, सर्वांत शेवटी हनुवटी आणि मिशीची जागा. पात्याची एकेक ओढ २–३ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी. एकाच हाताने पूर्ण चेहरा करायचा की दोन्ही हात शिकवायचे, यावर मतभेद आहेत. दोन्ही हात शिकवलेले बरे, कारण नाकावरून पलीकडे नेलेला हात आरसा झाकतो.

केस कोणत्या दिशेने उगवतात हे आधी बोटांनी चाचपून पाहावे. गळ्यावर ती दिशा अनेकांची तिरपी किंवा गोलाकार असते. सुरुवातीला फक्त सुलटा हात, म्हणजे केस उगवतात त्याच दिशेने. उलटा हात, म्हणजे त्या दिशेविरुद्ध, मारला की दाढी गुळगुळीत होते, पण कोन किंचित चुकला तरी पाते रुतते. इथे एक पेचही आहे. कापू नये म्हणून त्वचा ताणावी लागते. मात्र खूप ताणून उलटा हात मारला की कापलेला केस त्वचेच्या आत मागे सरतो आणि आतल्या आत वाढून पुटकुळी येते. कुरळ्या केसांच्या लोकांना हा त्रास विशेष होतो, त्यांनी सुलट्या हातावरच समाधान मानलेले उत्तम. तीळ, मस आणि मुरूम यांना वळसा घालावा.

वस्तरा हातातून निसटला तर झेलायला जाऊ नये, पाय मागे घ्यावेत. मोठ्या जखमा दाढीत कमी आणि या झेलण्यात जास्त होतात असे वस्तरा वापरणारे सांगतात, आणि ते पटण्याजोगे आहे.

कापलेच तर जागा गार पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने काही मिनिटे न उचलता दाबून धरावी. बारीक टोच्यांवर ओली तुरटी फिरवली की रक्त थांबते. ती ऊती आकसवते. खोल चिरेवर तुरटीचा भरवसा धरू नये: दहा-पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा कडा उघड्या राहत असतील तर डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी हा प्रयोग सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. वस्तरा दुसऱ्याला वापरायला देऊ नये; हेपटायटिस बी आणि सी यांचे विषाणू रक्तातून पसरतात, आणि पाते नुसते पुसल्याने ते निर्जंतुक होत नाही.