विद्यार्थी वैमानिकाची जबाबदारी परवान्यानंतर सुरू होते का?

कराडच्या धावपट्टीवर शिकाऊ विमाने पाहत वाढलेल्या सातारा-सांगलीकडच्या घरांत एक समज पक्का आहे: व्यावसायिक परवाना हातात येईपर्यंत विमानाची सगळी जबाबदारी प्रशिक्षकाची. हा समज चुकीचा आहे.

प्रशिक्षक शेजारी असतो तोवर विमानप्रमुख तोच, हे खरे; मात्र तो उतरून विद्यार्थी एकटा उड्डाण करतो तेव्हा विमानप्रमुख तो विद्यार्थीच असतो, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानासंबंधीचा अंतिम निर्णयाधिकार विमानप्रमुखाकडेच असतो. एकट्याने उडण्याची परवानगी देणारा प्रशिक्षक त्या परवानगीबद्दल उत्तरदायी राहतो, पण वारा आडवा झाला तर उतरायचे की पुन्हा घिरटी घ्यायची, हे जमिनीवरून तो ठरवू शकत नाही. भारतात व्यावसायिक परवान्याला लागणाऱ्या 200 तासांपैकी 100 तास विमानप्रमुख म्हणूनच भरावे लागतात. म्हणजे ही जबाबदारी परवान्याच्या आधीच येते.

माझ्या मते तिची सवय पहिल्या धड्यापासून लागली पाहिजे. पावसाळ्यात टाकीत शिरलेले पाणी इंधनापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणून उड्डाणापूर्वी पारदर्शक कपात थोडे इंधन काढून, निळसर पेट्रोलखाली पाण्याचा थर दिसतो का, हे विद्यार्थ्याने स्वतः निरखावे आणि दिसल्यास स्वच्छ इंधन येईपर्यंत काढत राहावे. शंका उरली, तर ‘आज उडणार नाही’ असे प्रशिक्षकाला सांगण्याची मोकळीक त्याला पहिल्या दिवसापासून असावी.