नेट बंद पडलं की फोन करायच्या आधी एवढं बघा

तुमच्या ऑफिसचं कॉम्प्युटर-नेटवर्क आम्ही सांभाळतो, आणि हे पत्रक तुमच्या ऑफिसातल्या त्या माणसासाठी आहे, कॉम्प्युटरचं काहीही बिनसलं की सगळे ज्याच्याकडे बघतात. बऱ्याच ठिकाणी हा माणूस आयटी शिकलेला नसतो, कुठे अकाउंटवाल्या मॅडम असतात, कुठे स्टोअरचे दादा, शाळेत असेल तर क्लार्क, आणि आपलं रोजचं काम सांभाळून हे पण बघायचं असतं. आम्हाला त्यांची खरंच काळजी वाटते कारण पाच वाजता जीएसटीचं रिटर्न अडकलं की सगळा ऑफिसचा ताण त्यांच्या डोक्यावर येतो आणि आमचा माणूस पोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास तरी जातोच.

तर पहिली गोष्ट. ‘नेट बंद आहे’ म्हणजे एकच आजार नाही. वायर निघालेली असेल, मशीनला पत्ता मिळाला नसेल, राउटरपर्यंत (बाहेरून आलेलं नेट सगळ्या मशीन्सना देणारा डबा) सगळं नीट असून पुढे ब्रॉडबँड कंपनीची लाईन गेली असेल, किंवा लाईन पण चालू आणि फक्त साईटची नावं सापडत नसतील. चारही वेळेला स्क्रीनवर दिसतं तेच, पेज उघडत नाही. पण कुठली कडी तुटली ते खालून वर एकेक बघत गेलं तर पाच मिनिटांत कळतं आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही.

आधी वाकून मागे बघा. लॅनची वायर सीपीयूत जिथे घुसते तिथे बारीक दिवे असतात, ते लागलेत का? एकदम मेलेले असतील तर वायर टक् आवाज येईपर्यंत दाबा, तरी नाही लागले तर शेजारच्या चालू मशीनची वायर लावून बघा. लागले तर दोष वायरीत किंवा स्विचच्या (सगळ्या मशीन्सच्या लॅन वायरी जिथे एकत्र येतात तो डबा) त्या पोर्टमध्ये, नाही लागले तर मशीनमध्ये. उंदरांनी फॉल सीलिंगमध्ये वायर कुरतडणं हा आमच्याकडचा नेहमीचा प्रकार आहे, हे मनात असू द्या.

दिवे लागलेत, तरी नेट नाही. आता स्टार्टला जाऊन सीएमडी (cmd) टाईप करा, काळी खिडकी उघडेल, त्यात आयपीकॉन्फिग (ipconfig) असं इंग्रजीत सलग टाईप करून एंटर मारा. आयपीव्ही४ अॅड्रेससमोर जो आकडा येतो तो तुमच्या मशीनचा पत्ता, साधारण १९२.१६८ ने सुरू होणारा, काही ठिकाणी १० ने. हे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत म्हणून तुमच्या ऑफिसात १९२.१६८.१.२० असेल आणि समोरच्या दुकानात पण तोच असेल तरी काही बिघडत नाही, बाहेर जाताना राउटर सगळ्यांच्या वतीने एकच पत्ता वापरतो. पण तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजून जा, मशीनने राउटरकडे पत्ता मागितला, कुणी दिला नाही, मग त्याने स्वतःच एक घेऊन टाकला. अशा पत्त्यावर नेट चालत नाही. राउटर बंद असतो, हँग झालेला असतो किंवा मधला स्विच गेलेला असतो. तिकडे बघा, या मशीनवर विंडोज परत टाकायची काही गरज नाही (ऐकायला वेडेपणा वाटेल पण टाकलेलं बघितलंय).

पत्ता बरोबर आहे, मग तिथेच खाली डिफॉल्ट गेटवे म्हणून आकडा असतो, तो राउटरचा पत्ता. पिंग (ping) टाईप करून स्पेस देऊन तो आकडा टाका, इंग्रजी आकड्यांत. चार ओळी येतील. इथे एक फसायची जागा आहे आणि ती नीट सांगतो. ‘रिप्लाय फ्रॉम’ दिसलं की सगळे म्हणतात रिप्लाय आलाय, पण ओळ शेवटपर्यंत वाचा, पुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ लिहिलेलं असेल तर तो रिप्लाय राउटरचा नाहीच, तुमचंच मशीन तुम्हाला सांगतंय की मला राउटर सापडत नाही. आणि अशा वेळी विंडोज खाली लॉस शून्य टक्के दाखवतं, त्यामुळे माणूस अजूनच फसतो. खरा रिप्लाय आला की ओळीत टाईम आणि टीटीएल असतं, ते बघायचं.

गेटवेकडून उत्तर आलं म्हणजे ऑफिसातलं सगळं ठीक. आता पिंग ८.८.८.८ करा, हा गुगलचा सगळ्यांसाठी खुला असलेला डीएनएस सर्व्हर आहे. उत्तर नाही आलं तर बहुतेक लाईन बाहेरून गेलीय, ब्रॉडबँडवाल्याला फोन करा, आम्हाला करून उपयोग नाही, आम्ही पण त्यालाच करणार. उत्तर आलं आणि साईट मात्र उघडत नाही तर डीएनएसचा घोळ. डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आकड्यातला पत्ता काढून देणारी सोय, १९८३ मध्ये ही पद्धत निघाली, त्याआधी सगळ्या मशीन्सची नावं एकाच फाईलमध्ये लिहून ती फाईल प्रत्येकाने उतरवून घ्यायची असा कारभार होता. ही सोय अडली की लाईन असून नसल्यासारखी. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केला की बऱ्याचदा सुटतं.

एक प्रसंग सांगतो, एमआयडीसीतल्या एका ग्राहकाकडचा. सकाळी सगळ्या मशीन्सचं नेट गेलं, प्रिंटर गेला, टॅली पण उघडेना, राउटर तीनदा बंद-चालू करून झाला. आम्ही गेलो तर स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी भराभर लुकलुकत होते, एरवी ते आपापल्या चालीने लुकलुकतात. आदल्या संध्याकाळी साफसफाई करताना एका वायरीचं मोकळं टोक लोंबत होतं, ते कुणीतरी चांगल्या मनाने रिकाम्या पोर्टात खोचून ठेवलं आणि त्या वायरीचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. झालं गोल. एकदा निघालेला संदेश फिरत फिरत परत तिथेच येतो, परत पुढे जातो, संपतच नाही, आणि साध्या स्विचला हे थांबवता येत नाही. वायर काढली आणि थोड्याच वेळात सगळं सुरळीत. म्हणून वायरींच्या दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी चिकटवा, मशीनचं नाव लिहा. याच जातीचा दुसरा घोटाळा म्हणजे वायफाय मिळावं म्हणून घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडणं. तो पण पत्ते वाटायला लागतो, मग अर्ध्या मशीन्सना याचे पत्ते आणि अर्ध्यांना त्याचे, आणि काय होतंय कुणालाच कळत नाही. वायफाय पाहिजे असेल तर सांगा, तोच राउटर आम्ही नीट सेट करून देतो.

प्रिंटर काल चालू होता आज नाही, ही तक्रार पण पत्त्याचीच. राउटर पत्ता काही काळापुरताच देतो, सुट्टीनंतर प्रिंटरला वेगळा मिळाला तर तुमचं मशीन जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतं. प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि ज्या मशीनवर टॅलीचा डेटा आहे ते, या तिघांचे पत्ते आपण राउटरमध्ये पक्के करून ठेवतो. ज्यांचं राहिलंय त्यांनी कळवा.

स्पीडबद्दल. १०० एमबीपीएसची लाईन म्हणजे सेकंदाला १०० एमबीची फाईल नव्हे, तिथे बिट मोजतात आणि फाईल बाईटमध्ये असते, आठने भागा, जास्तीत जास्त साडेबारा एमबी. ऑफिसातल्या ऑफिसात फाईल कॉपी हळू होत असेल तर लॅनच्या स्टेटसमध्ये स्पीड बघा, १ जीबीपीएसच्या जागी १०० एमबीपीएस दिसला तर वायरीच्या आठातली एखादी तार बहुतेक गेलेली असते, कारण १०० ला चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. आणि वायर क्रिंप करताना, म्हणजे टोकांना प्लग बसवताना, दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा असला की झालं असं समजू नका. पिन ३ आणि ६ वर एकाच जोडीच्या (एकमेकींना पिळलेल्या) तारा यायला पाहिजेत, नाहीतर साध्या टेस्टरवर आठही दिवे लागतात आणि वायर मात्र लांब अंतरावर त्रास देते. एका वायरीची मर्यादा १०० मीटर.

आता वळवाचं. एप्रिल-मेमध्ये वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जळालेले स्विच येतात, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ऑफिसपासून गोडाऊनपर्यंत तांब्याची लॅन वायर उघड्यावरून नेलेली असते. यूपीएस लावलेला असतो तरी जळतं कारण झटका वायरीतून येतो, सॉकेटमधून नाही. दोन इमारतींमध्ये फायबरच (काचेच्या तंतूची केबल) टाका. त्यातून वीज वाहत नाही. खर्च जास्त वाटतो पण आठ पोर्ट आणि दोन मदरबोर्ड गेल्यावर करायचा त्यापेक्षा आधी करा असं आम्ही कळकळीने सांगतो.

अपडेट ‘नंतर’ म्हणून ढकलू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातली मशीन्स लॉक केली तेव्हा ते भगदाड बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तुमच्याकडे अजून किती मशीन्सवर ते आहे ते मोजून कळवा.

फोन करताना चार गोष्टी सांगा, एका मशीनचं की सगळ्यांचं, पत्ता काय दिसतोय, पिंग कुठपर्यंत गेला, आणि कालपासून नवीन काय जोडलं किंवा हलवलं. निम्म्या वेळा आम्ही फोनवरच सोडवू.

आणि बॅकअप. कायम लावून ठेवलेली पेन ड्राईव्ह किंवा हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नाही, मशीन लॉक करणारा व्हायरस ती पण लॉक करतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर, आणि हार्ड डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमचा माणूस येतो तेव्हा त्याच्यासमोर बॅकअपमधून एखादी जुनी फाईल परत काढून बघा, मागच्या वर्षीचं एखादं बिल घ्या, उघडलं तर ठीक, नाही उघडलं तर त्याच दिवशी बसून दुरुस्त करू, त्याचे वेगळे पैसे नाहीत.