पाणथळ कशाला म्हणायचे? परवानगीच्या अर्जामागची पार्श्वभूमी

पाणथळीलगत बांधकामाची परवानगी मागताना आज पहिला प्रश्न असतो तो कागदाचा: ही जागा नियमांच्या लेखी पाणथळ आहे का? पाणथळींच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात भारत 1982 साली सामील झाला, पण पाणथळींसाठी स्वतंत्र नियम यायला 2010 उजाडले. तोवर किनाऱ्यावर सीआरझेडवर, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेवर, भागत होते.

सप्टेंबर 2017 मध्ये नवे नियम आले आणि खरा गुंता तिथे झाला. व्याख्या आधी नैसर्गिक-कृत्रिम, कायम-हंगामी, गोडे-खारे असे सगळे पाणी पोटात घेते. मग नदीपात्र, भातशेती आणि पिण्याच्या पाण्याचे मानवनिर्मित साठे वगळते. मत्स्यशेती, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी ‘खास’ बांधलेल्या रचनाही वगळते. अर्जदाराचा सल्लागार नेमका या ‘खास’वर बोट ठेवतो. खाजणाचेच पाहा. आज्या-पणज्यांनी बांध घालून खाडी अडवली, खारे भात पिकवले. पुढे बांध फुटला, कोणी दुरुस्त केला नाही, भरती आत येऊ लागली, चिखलात पाखरे उतरू लागली. ही अजून भातशेतीच म्हणायची? माझ्या मते नाही. जमीन कशासाठी बांधली होती यापेक्षा आज तिथे पाणी काय करते, हे पाहायला हवे.

नाशिक जिल्ह्यातला नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा तर सिंचनासाठीच बांधलेला. 2020 मध्ये तो राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला, म्हणून नियम त्याला लागू झाले. तसलाच दुसरा बंधारा, रामसर यादीत नाही म्हणून, उघडा राहतो.

फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपग्रह नकाशातल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 पाणथळींना 2010 च्या नियमांतल्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यायला सांगितले. त्यामुळे जागेची पाणथळ म्हणून अधिसूचना निघालेली नसली तरी गट नंबर या नकाशावर ताडून पाहिल्याशिवाय अर्ज पुढे नेऊ नये.

मग उरते रेघ. सरासरी पूरपातळीपासून 50 मीटरांत होड्यांच्या धक्क्याखेरीज पक्के बांधकाम चालत नाही. ही पातळी मागच्या दहा वर्षांची, आणि ती वर्षे मोजायची 2017 चे नियम लागू झाल्या दिवसापासून मागे. म्हणजे 26 जुलै 2005 चे पाणी या हिशेबात येतच नाही. मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी त्या दिवशी पाणी कुठवर चढले होते ते लोकांना अजून आठवते. अर्जाला जोडलेल्या नकाशावर ती खूण निदान वेगळ्या रंगात दाखवावी.