इंदुरात हौशी वैमानिक व्हायचंय? पीपीएलचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

विमानतळ रस्त्यावरून जाताना लहानसं सेसना उतरताना दिसलं की ‘हे आपल्यालाही शिकता येईल का’ असं बऱ्याच जणांना वाटतं. शिकता येतं. त्यासाठी एअरलाइनचा पायलट व्हावं लागत नाही आणि बारावीला फिजिक्स-गणितही लागत नाही. ती अट कमर्शियल लायसन्सची, म्हणजे सीपीएलची. हौसेसाठी उडवायचं तर प्रायव्हेट पायलट लायसन्स, थोडक्यात पीपीएल, पुरतं. त्याला दहावी पास आणि वयाची 17 वर्षं पूर्ण एवढं लागतं. शिकाऊ परवाना, म्हणजे एसपीएल, 16 व्या वर्षीही मिळतो.

इंदूरकरांना एक सोय आहे. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर मध्यप्रदेश फ्लाइंग क्लब अनेक दशकांपासून आहे. ग्वाल्हेरच्या मंडळींची मात्र पंचाईत, कारण तिथल्या महाराजपुरा विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची. संस्था कुठलीही निवडा, तिचं नाव डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांच्या यादीत आहे ना, हे आधी बघा. यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते.

आता क्रम. बहुतेक जण आधी क्लबात पैसे भरतात आणि मग डॉक्टरकडे जातात. माझं मत नेमकं उलटं आहे: पहिला खर्च मेडिकलचा करा. पीपीएलला लागणारं क्लास टू मेडिकल डीजीसीएच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडेच होतं, घराजवळच्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. रक्त, लघवी, ईसीजी, कान आणि डोळे तपासतात. चष्मा असला तरी बिघडत नाही. रंगांधळेपणा मात्र अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळतो, रंगीत ठिपक्यांमधला आकडा वाचता येत नाही तेव्हा. पंचेचाळिशीत हौस सुचलेल्यांनी शुगर आणि बीपीचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, झालेल्या ऑपरेशनचे कागद सोबत न्यावेत आणि काहीही लपवू नये. डॉक्टर ‘सगळं ठीक आहे’ म्हणाले म्हणजे काम झालं असं नाही. रिपोर्ट डीजीसीएकडे जातो आणि तिथून फिटनेसचा कागद येतो. तो हातात येईपर्यंत क्लबाचं पॅकेज घेऊ नका.

दुसरी गोष्ट नावाची, आणि इंदूरच्या मराठी घरांत हाच सगळ्यात मोठा घोळ. समजा दहावीच्या मार्कशीटवर ‘अनिरुद्ध दाते’ आहे आणि वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर कुणीतरी मराठी पद्धतीने ‘अनिरुद्ध श्रीकांत दाते’ करून ठेवलंय. पासपोर्टात आडनाव आधी, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. बँकेत हे खपून जातं, इथे अर्ज परत येतो. लग्न झालेल्या बायकांच्या मार्कशीटवर माहेरचं नाव असतं, बाकी सगळीकडे सासरचं. सगळ्या कागदांवर एकच नाव ठेवा आणि ते दहावीच्या कागदाशी जुळवून घ्या, कारण जन्मतारखेसाठी आणि शिक्षणासाठी तोच कागद पाहिला जातो. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं. मार्कशीटच चुकीची असेल तर भोपाळला बोर्डाच्या ऑफिसशी गाठ, तिथे वेळ जातो. मार्कशीट जुनी असेल तर तिची बोर्डाकडून पडताळणी करून मागण्याचीही तयारी ठेवा.

हे झालं की पुढचं बरंचसं ऑनलाइन आहे. डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर स्वतःचं खातं उघडायचं. दहावीची मार्कशीट आणि सर्टिफिकेट, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, सही, मेडिकलचा कागद, पोलीस पडताळणी हे सगळं स्वच्छ स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. मोबाइलने तिरपा काढलेला फोटो चालेल अशा आशेवर राहू नका. लेखी परीक्षेसाठी डीजीसीएचा कम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा ओळख क्रमांक, वेगळा काढावा लागतो. तो लवकर काढलेला बरा.

एसपीएलसाठी क्लबच तोंडी परीक्षा घेतो. विषय चार: हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, विमान आणि इंजिन. एसपीएल हाती आलं तरी तुम्ही एकटे मोकळे नाही. उड्डाण इन्स्ट्रक्टरच्या परवानगीने आणि देखरेखीखाली, स्वच्छ हवेत, नजरेच्या आधाराने करायचं. प्रवासी किंवा सामान न्यायचं नाही. पहिल्या सोलोला आतेभावाला शेजारच्या सीटवर बसवता येणार नाही.

पीपीएलसाठी त्याच विषयांची डीजीसीएची लेखी परीक्षा, पास व्हायला 70 टक्के. उड्डाणाचे किमान 40 तास, त्यात 20 तास सोलो, आणि त्या सोलोत 5 तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतचं लांबचं उड्डाण. एक क्रॉस-कंट्री किमान 150 नॉटिकल मैलांची, म्हणजे सुमारे 278 किलोमीटरची, आणि तिच्यात निघाल्या ठिकाणाखेरीज दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. इथे इंदूरवाल्यांचा हिशेब चुकतो. इंदूर-भोपाळ-इंदूर अंतराने सहज भरतं, पण थांबा एकच होतो, त्यामुळे अट पुरी होत नाही. दुसरी धावपट्टी कोणती, ते त्या दिवशीची परवानगी आणि हवा पाहून इन्स्ट्रक्टर ठरवतो.

40 तास ही किमान अट आहे, त्यात शिकून होईलच असं नाही. इंदूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1850 फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा 40 वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला धावपट्टी 5000 फुटांवर असल्यासारखं वाटतं. टेकऑफला धाव लांबते, वर चढणं मंदावतं. त्यात एअरलाइनची विमानं येत-जात असतात आणि शिकाऊ विमानाला थांबावं लागतं. पावसाळ्याचे दिवस तर धरूच नका. पहाटेचा स्लॉट मिळेल का, हे फी भरायच्या आधी विचारा. उडण्याजोगी विमानं आज किती आहेत, तासाच्या दरात इंधन आणि इन्स्ट्रक्टर धरलाय का, मध्येच सोडलं तर पैसे परत किती, हेही विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. इंधन स्वस्त नाही. या विमानांचं पेट्रोल, एव्हीगॅस, पूर्वी परदेशातून येई; 2022 पासून ते इंडियन ऑइलच्या वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनतं.

लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, रोजच्या रोज भरा आणि इन्स्ट्रक्टरची सही त्याच दिवशी घ्या. इन्स्ट्रक्टर नोकरी बदलून गेला की जुन्या तासांवर सही मिळवणं जिकिरीचं होतं. रेडिओवर बोलायचा परवाना, एफआरटीओएल, वेगळा असतो. त्याची परीक्षा आधी दूरसंचार खात्याकडे होती, भारतीय वायुयान अधिनियम 2024 ने ती डीजीसीएकडे दिली. जुन्या नोट्समध्ये त्या खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचा पत्ता दिसला तर तो मनावर घेऊ नका.

शेवटी इन्स्ट्रक्टर किंवा परीक्षक शेजारी बसून चाचणी घेतो, आणि निकाल, लॉगबुक, मेडिकल, परीक्षेचे निकाल लावून पीपीएलचा अर्ज ईजीसीएवर जातो. लायसन्स मिळाल्यावर मित्रांना फिरवता येतं, पण भाडं घेता येत नाही. पाचशे-पाचशे रुपये गोळा करून ‘जॉयराइड’ द्याल तर ते बेकायदा ठरेल. रात्री उडवायला नाइट रेटिंग वेगळं. विमान तेच, ज्याची नोंद तुमच्या लायसन्सवर आहे. आणि मेडिकलची मुदत संपली की लायसन्स खिशात असूनही उडता येत नाही, तेव्हा पुढच्या तपासणीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.