नोकरी करता करता सी-डॅकचा डॅक: अर्ज भरण्याआधी

हिंजवडीत आयटी सपोर्टच्या शिफ्टमध्ये दोन-तीन वर्षं गेली की सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटला जाण्याची चर्चा सुरू होते आणि कुणीतरी ‘डॅक कर’ म्हणतंच. डॅक म्हणजे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा पीजी-डॅक, ॲडव्हान्स्ड कंप्युटिंगमधला पदव्युत्तर अभ्यासक्रम. सी-डॅक पुण्यात 1988 पासून आहे. परम महासंगणक बनवणारी हीच संस्था. तिचा ॲक्ट्स हा प्रशिक्षण विभाग 1993 चा.

आधी एक स्पष्ट सांगतो. हा कोर्स शनिवार-रविवारचा नाही. 24 आठवडे, 900 तास, पूर्णवेळ. नोकरी सोडावी लागते किंवा बिनपगारी रजा मिळवावी लागते. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल तर तारखांचा हिशेब आत्ताच मांडा. बॅचेस वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात.

पात्रता: बीई/बीटेक, एमसीए, किंवा कंप्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्समधली एमएस्सी, किमान 50 टक्के. नुसत्या बीसीए-बीसीएसवर भागत नाही. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात.

प्रवेश सी-कॅट या सी-डॅकच्याच प्रवेश परीक्षेतून. अ विभागात इंग्रजी, गणित आणि तर्क. ब विभागात सी ही प्रोग्रॅमिंग भाषा, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग वगैरे. प्रत्येक विभागाला एक तास, 50 प्रश्न. बरोबर उत्तराला 3 गुण, चुकलं तर 1 वजा. डॅकसाठी दोन्ही विभाग द्यावे लागतात. कामात रोज तक्रारींची तिकिटं सोडवणाऱ्याचा डेटा स्ट्रक्चरचा गंज काढायला वेळ लागतो, माझाही लागला.

अर्ज ऑनलाइन. फोटो, ओळखपत्र, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा. सीजीपीए असेल तर टक्केवारी विद्यापीठाच्या सूत्रानेच काढा आणि ते सूत्र छापलेला कागद जवळ ठेवा.

खरी अडचण नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, वडिलांचं, वर आईचंही. आधारवर आधी नाव, कधी वडिलांचं गायबच. माझ्या आधारवर आडनावात एक ‘एच’ जास्त होता. दुरुस्तीत तीन आठवडे गेले, आणि तोवर अर्जाची मुदत सरून एक बॅच हुकली.

निकालानंतर कोर्स आणि केंद्राचे पसंतीक्रम भरायचे. जागा मिळाली की फीचा पहिला हप्ता मुदतीत भरायचा, नाहीतर जागा जाते. रँक त्याच बॅचपुरती चालते, पुढच्या वेळी परीक्षा पुन्हा.

राजीनामा मात्र जागा पक्की झाल्याची पावती हातात आल्यावरच टाका.