ख्रिस्ती श्रद्धेतील बालकाचे मोल

मूल पुढे काय होणार, कोणाच्या उपयोगी पडणार, हे ठरण्याआधीच ते देवाच्या दृष्टीने पूर्ण माणूस असते, अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे. तिचा पाया यहुदी शास्त्रात आहे. त्यातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडला असे म्हटले आहे आणि त्याला वयाची अट नाही. स्तोत्र 139 मध्ये स्तोत्रकर्ता आईच्या उदरातच देवाने आपल्याला घडवले असे सांगतो. मात्र स्तोत्र 127 मधले पुत्र वीराच्या हातातल्या बाणांसारखे आहेत. तिथे संतती हे देवाचे दान आहे आणि बापाचे बळही आहे.

येशूचे जीवन सांगणाऱ्या शुभवर्तमानांत हे बळाचे गणित मागे पडते. आपल्यात मोठा कोण, असा वाद शिष्यांत चालला असता येशू एका बालकाला मध्ये उभे करतो (मार्क 9). पुढच्याच अध्यायात मुलांना घेऊन आलेल्यांना शिष्य दटावतात, तेव्हा तो रागावतो, मुलांना कवेत घेतो आणि देवाचे राज्य अशांचेच आहे असे सांगतो. प्रवचनांतून या प्रसंगाचा अर्थ बहुधा मुलांच्या निरागसतेशी जोडला जातो. तो गोड आहे, पण अपुरा वाटतो. त्या काळच्या समाजात मुलाला ना अधिकार होता ना प्रतिष्ठा, आणि घेतलेल्याची परतफेड करण्याजोगे त्याच्यापाशी काहीच नव्हते. राज्य स्वीकारायचे ते अशा रिकाम्या हातांनी, हा अर्थ संदर्भाला अधिक जुळतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात तर या लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, इतका कठोर इशारा आहे.

रोमन जगात नवजात मूल वाढवायचे की टाकून द्यायचे, हे बाप ठरवी. इ. स. पू. 1 मध्ये इजिप्तमधल्या एका नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र सापडले आहे: मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. यहुदी लोक असे करत नसत, आणि त्याची नोंद टॅसिटससारख्या यहुद्यांना प्रतिकूल रोमन इतिहासकारानेही केली आहे. ख्रिस्ती लोकांनी ही भूमिका यहुद्यांकडूनच घेतली. तिचे सारे श्रेय स्वतःकडे घेण्याची पुढची सवय इतिहासाला धरून नाही. ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात गर्भपात आणि अर्भकहत्या दोन्ही निषिद्ध आहेत. टाकलेली बहुतेक मुले वेश्याव्यवसायात ओढली जातात, असे दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहिले. 374 मध्ये रोमन कायद्याने अर्भकहत्येला देहदंड ठेवला. तरी मुले टाकली जातच राहिली. फ्लॉरेन्समध्ये अशा मुलांसाठी 1419 मध्ये इमारत उभी राहू लागली, तिला बेथलेहेमच्या अर्भकांचे नाव दिले गेले; येशूच्या जन्मानंतर हेरोद राजाने ती मारली, असे मत्तय सांगतो. या अर्भकांचा स्मृतिदिन पश्चिमी चर्च 28 डिसेंबरला पाळते. त्यांनी विश्वासाचा एक शब्दही उच्चारला नव्हता, तरी चर्चने त्यांना हुतात्मे मानले.

या मोलाला धर्मशास्त्रातून मोठी अडचण आली ती चौथ्या-पाचव्या शतकातला धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन याच्या काळात. दूधभावाकडे जळत्या नजरेने पाहणारे, अजून बोलताही न येणारे तान्हे मूल त्याने वर्णिले आहे. मूळ पाप, म्हणजे आदामापासून वारशाने आलेले पाप, तान्ह्यालाही लागते आणि बाप्तिस्म्याविना मेलेले मूल, सौम्य का होईना, पण दंडाला पात्र ठरते, असे त्याचे मत होते. मध्ययुगात अशा मुलांसाठी ‘लिंबो’ची, म्हणजे स्वर्ग नाही पण यातनाही नाहीत अशा जागेची, कल्पना रूढ झाली. त्यांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार आहे, असे कॅथलिक धर्मशास्त्र आयोगाने 2007 मध्ये म्हटले. मधल्या शतकांत किती आयांनी भीती वाहिली असेल, याची मोजदाद नाही. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा वारशाने येणारा दोष मानत नाही आणि तान्ह्याला बाप्तिस्म्याबरोबरच प्रभुभोजनही (भाकर आणि द्राक्षारसाचा संस्कार) देते. 1525 पासून अ‍ॅनाबाप्टिस्ट या सुधारणावादी पंथाने बालबाप्तिस्मा नाकारला, पण समज येईपर्यंत मूल ख्रिस्ताच्या कृपेत सुरक्षितच आहे अशी त्यांची धारणा होती. कॅथलिक मुलांना सातव्या वर्षाच्या सुमारास प्रथम प्रभुभोजन मिळते ते पोप दहावे पायस यांच्या 1910 च्या आदेशामुळे.

संगोपनाबाबत बायबलमध्ये दोन सूर आहेत. नीतिसूत्रे छडीची शिफारस करतात, तर पौलाच्या नावाची पत्रे बापांना मुलांना चिडवू नका, त्यांचे मन खचवू नका असे बजावतात. व्यवहारात छडीचा आधार अधिक घेतला गेला. कॅनडात चर्चने चालवलेल्या निवासी शाळांनी आदिवासी मुलांना घरापासून आणि भाषेपासून तोडले. धर्मगुरूंकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांत बिशपांनी अनेकदा मुलांऐवजी संस्थेला पाठीशी घातले. पोप फ्रान्सिस यांनी 2014 मध्ये बालसंरक्षण आयोग नेमला आणि 2019 मध्ये अशा अत्याचाराची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना देणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. पोलिसांना कळवायचे की नाही, हे मात्र त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले आहे.