हेइहाइत्स आणि निर्वासित-दर्जाचे दावे

हेइहाइत्स (शब्दशः 'काळी मुले') : चीनमध्ये हुकौ या कुटुंबनोंदणीत नाव न लागलेल्या, विशेषतः कुटुंबनियोजनाचे नियम डावलून जन्मलेल्या मुलांसाठी रूढ झालेली संज्ञा. परदेशी न्यायालयांत अशा मुलांच्या वतीने झालेल्या आश्रयाच्या दाव्यांमुळे निर्वासितविषयक कायद्यात तिला वेगळे स्थान मिळाले.

संज्ञेतील 'काळा' वर्णवाचक नाही. सांस्कृतिक क्रांतीतील 'पाच काळ्या वर्गां'शी (जमीनदार, श्रीमंत शेतकरी इत्यादी शत्रू ठरविलेल्या गटांशी) तिचा संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु चोरबाजाराला 'हेइशि', बिगरपरवाना भाड्याच्या मोटारीला 'हेइछ' आणि नोंद नसलेल्या कुटुंबाला 'हेइहु' म्हणण्याची चिनी रीत पाहता 'नोंदीबाहेरचा, बेकायदा' हाच अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. मराठीतील 'काळा बाजार' याच जातीचा. 1958 च्या हुकौ विनियमांनुसार जन्मानंतर महिन्याभरात नोंद करणे आवश्यक होते. एक-अपत्य धोरणाचा आरंभ सामान्यतः सप्टेंबर 1980 मधील चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या खुल्या पत्रापासून धरतात, तथापि काही ठिकाणी तसे निर्बंध त्यापूर्वीच लागू झाले होते. नियमाबाहेरच्या जन्माबद्दलचे दंडवजा शुल्क भरल्याशिवाय नोंद न करण्याचा प्रघात हा मुख्यतः स्थानिक अधिकाऱ्यांचा होता. 2010 च्या जनगणनेनुसार सुमारे 1.3 कोटी लोक हुकौविना होते. नोंद नसलेल्यास शाळा, सरकारी आरोग्यसेवा, नोकरी या साऱ्यांत अडचण येई.

1951 च्या निर्वासित करारानुसार छळाची भीती वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा 'विशिष्ट सामाजिक गटा'चे सदस्यत्व यांपैकी एखाद्या कारणाने असावी लागते. यातील शेवटचे कारणच येथे कळीचे ठरते. कॅनडाच्या फेडरल अपील न्यायालयाने 1993 मध्ये सक्तीच्या नसबंदीच्या भीतीने आलेल्या एका आईबरोबर तिच्या मुलीचाही दावा मान्य केला. त्या निकालात मुलीचा उल्लेख 'काळ्या बाजारातील व्यक्ती' असा आला आहे. याउलट ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने 1997 मध्ये, ज्या छळाची भीती आहे त्याच छळावरून गटाची व्याख्या करता येत नाही, असे सांगून एक-अपत्य धोरणाला विरोध करणाऱ्या पालकांचा दावा बहुमताने फेटाळला. हे तर्कशास्त्र मुलांना लागू पडेल काय, हा प्रश्न 2000 मध्ये त्याच न्यायालयासमोर आला. दावेदार होता ऑस्ट्रेलियातच, स्थानबद्धतेत जन्मलेला एक बालक. न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निर्णय दिला. नियमभंग आईवडिलांचा, मुलाचा नव्हे. त्यामुळे मुलाचा गट त्याच्या जन्माच्या परिस्थितीने, छळाच्या आधीच, ठरलेला असतो, हा त्या निर्णयाचा गाभा होय. छळ सिद्ध होण्यासाठी अधिकाऱ्यांच्या मनात आकस असावा लागत नाही, असेही त्यात स्पष्ट केले आहे. पालकांचा आणि मुलांचा दावा असा वेगळा करणे 1997 च्या निकालापेक्षा अधिक सुसंगत दिसते.

ब्रिटनच्या उच्च न्यायाधिकरणाने 2012 मध्ये मात्र शुल्क, शिक्षण व वैद्यकीय उपचार यांतील गैरसोय सर्वसाधारणपणे छळाच्या पातळीला पोहोचत नाही, असे ठरविले. हा मतभेद बराचसा पुराव्यावरचा आहे, तत्त्वावरचा कमी.

जानेवारी 2016 मध्ये चीनच्या राज्य परिषदेने (केंद्रीय मंत्रिमंडळाने) शुल्काची अट न घालता सर्व अनोंदितांना हुकौ देण्याचे निर्देश जाहीर केले आणि 2021 मध्ये ते शुल्कही रद्द झाले. त्यानंतरच्या दाव्यांत हे निर्देश गावपातळीवर कितपत पाळले जातात, हा वस्तुस्थितीचा प्रश्न पुढे येतो.